कॉलपुरत्या मोनो हेडसेटवर फोनमधील ध्वनिमुद्रणे : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

प्रकल्पाचा उद्देश मर्यादित आहे. सदाशिव पेठेत राहणाऱ्या माझ्या आत्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या कानावर त्या एक जुना मोनो ब्लूटूथ हेडसेट लावतात आणि घरात वावरताना त्यावरच फोन घेतात. नारद मंदिरातील कीर्तनांची आणि ओळखीच्या मंडळींनी पाठवलेल्या प्रवचनांची बरीच ध्वनिमुद्रणे त्यांच्या फोनमध्ये साठली आहेत; परंतु ती लावली की आवाज फोनच्या स्पीकरमधून येतो आणि हेडसेट गप्प राहतो. वायरचा इअरफोन त्यांना नको आहे, कारण ओट्यापाशी काम करताना वायर अडकते. गाणी वाजवणारे नवे मोनो हेडसेट बाजारात मिळतात, पण त्यांचे रबरी बोंड कानात खुपसावे लागते आणि ते त्यांना सोसत नाही. जुन्या हेडसेटला कानामागे अडकवायचा आकडा आहे आणि त्याचा स्पीकर कानावर नुसता टेकतो, म्हणून तोच वापरायचा हे आधीच ठरलेले आहे. "अरे, तू फोनवर बोलतोस ते यातून स्वच्छ ऐकू येतं, मग बुवांचं का येत नाही?" हा त्यांचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अगदी रास्त आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि सगळी अडचण त्या दोन वाटांमध्ये आहे. गाणी, चित्रफिती वगैरेंचा आवाज 'ए-टू-डीपी' या प्रोफाइलमधून, म्हणजे एका कामासाठी ठरवलेल्या नियमांच्या संचातून, जातो. तो फोनकडून कानाकडे एकाच दिशेने, बहुधा 'एसबीसी' या पद्धतीने आकुंचित होऊन जातो. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा पाठवता येतो आणि तेवढी सवड मिळावी म्हणून थोडा आवाज आधीच साठवलेला असतो. दूरध्वनीवरील संभाषण मात्र 'एचएसपी' किंवा 'एचएफपी' या प्रोफाइलमधून जाते. तेथे आवाज दोन्ही दिशांनी वाहतो आणि उशीर चालत नाही, म्हणून 'एससीओ' नावाची राखीव जोडणी उघडली जाते आणि तिला ठरावीक अंतराने आपली पाळी मिळतेच. ब्लूटूथ एका सेकंदाचे १,६०० भाग पाडते, म्हणजे एक भाग ६२५ मायक्रोसेकंदांचा होतो. 'एचव्ही-३' प्रकारच्या पाकिटात ३० बाइट मावतात आणि असे एक पाकीट दर सहा भागांनी, म्हणजे ३.७५ मिलिसेकंदांनी, जाते. हिशेब केला की सेकंदाला बरोबर ६४,००० बिट होतात, आणि दूरध्वनी केंद्रांतील एका डिजिटल वाहिनीचा जुना दरही तोच आहे.

आत्यांचा हेडसेट फक्त दुसरी वाट जाणतो. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्याच्या नावापुढचे चक्राचे चिन्ह दाबले असता 'फोन कॉल' एवढे एकच बटण दिसते; 'मीडिया ऑडिओ' हे बटण तेथे नाही. ध्वनिमुद्रण वाजवताना फोन पहिली वाट शोधतो आणि ती नसल्यामुळे स्पीकरकडे वळतो. हेडसेटमध्ये आपल्याला काही बदलता येण्यासारखे नाही. तेव्हा ध्वनिमुद्रण म्हणजे चालू संभाषणच आहे असे फोनला भासवून ते दुसऱ्या वाटेने पाठवणारे छोटे ॲप लिहिणे, एवढाच मार्ग उरतो. या कल्पनेवरची ॲप पूर्वीपासून आहेत, पण ती सगळ्या फोनचाच आवाज हेडसेटकडे वळवू पाहतात. मला एका फोल्डरमधील ध्वनिमुद्रणे वाजवणारा, मोठी बटणे आणि मराठी अक्षरे असलेला प्लेअर हवा आहे. व्याप्ती तेवढीच ठेवीन.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आत्यांचा हेडसेट चाचणीसाठी दिवसेंदिवस स्वतःकडे ठेवणे बरे नव्हे, म्हणून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन तशाच प्रकारचा दुसरा आणला. खोक्यावर ब्लूटूथची आवृत्ती ठळक छापलेली असते, मात्र आवृत्तीच्या आकड्यावरून प्रोफाइल कळत नाही. नव्या आवृत्तीचा हेडसेटही केवळ कॉलपुरता असू शकतो. त्यापेक्षा दुकानदारांची "यात गाणी वाजतात, यात नुसता कॉल" ही वर्गवारी उपयोगी पडते. केवळ कॉलचा हवा आहे असे सांगितल्यावर दुकानदाराने मला निरखून पाहिले आणि कपाटाच्या तळाशी राहिलेला एक जुना नग शोधून दिला. काउंटरवरच फोनला जोडून त्याच्यापुढे 'मीडिया ऑडिओ' येत नाही याची खातरजमा केली आणि मगच पैसे दिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

हेडसेटमधून प्रवचनाचा आवाज आला. कृतीचा तपशील पुढे लागेल म्हणून येथे लिहून ठेवतो.

माझ्याजवळच्या जुन्या फोनमध्ये अँड्रॉइड ९ आहे आणि आत्यांच्या फोनमध्ये अँड्रॉइड १३ आहे, त्यामुळे दोन पद्धती सांभाळाव्या लागणार. जुन्या पद्धतीत ऑडिओ मॅनेजरचा, म्हणजे अँड्रॉइडमधील आवाज सांभाळणाऱ्या भागाचा, मोड 'संवाद' असा ठेवायचा आणि 'स्टार्ट ब्लूटूथ एससीओ' ही आज्ञा द्यायची. ही आज्ञा ताबडतोब परत येते, पण प्रत्यक्ष जोडणी उभी राहायला काही सेकंदही लागू शकतात. म्हणून आज्ञा दिल्याबरोबर आवाज सोडायचा नाही. जोडणी झाल्याची सूचना प्रणालीकडून येईपर्यंत थांबायचे आणि मगच पहिला नमुना, म्हणजे डिजिटल आवाज ज्या सुट्या मोजमापांचा बनतो त्यांतले पहिले, पाठवायचा. तसे केले नाही तर प्रवचनाचे पहिले वाक्य फोनच्या स्पीकरमधून खोलीभर ऐकू येते आणि दुसऱ्या वाक्यापासून आवाज कानात शिरतो. अँड्रॉइड १२ पासून याऐवजी संवादासाठी उपलब्ध असलेल्या उपकरणांची यादी मागवून तीतून एससीओ प्रकारचे उपकरण निवडता येते, आणि काम संपल्यावर ती निवड रद्द करणे ही ॲपची जबाबदारी असते. ही पद्धत अधिक सुटसुटीत आहे. त्याच आवृत्तीपासून जोडलेल्या ब्लूटूथ उपकरणांशी व्यवहार करण्यासाठी वापरणाऱ्याची स्पष्ट परवानगीही मागावी लागते. ती विचारणारी चौकट आत्यांना एकटीने पाहावी लागू नये म्हणून ॲप मी स्वतःच त्यांच्या फोनवर चढवून परवानगी देऊन येईन.

आवाजाच्या स्वरूपावर बंधने आहेत. प्रवाहाचा प्रकार 'व्हॉइस कॉल' हवा, वाहिनी एकच हवी आणि नमुन्यांचा दर ८ किंवा १६ किलोहर्ट्झ हवा. ध्वनिमुद्रणे बहुतेक ४४.१ किलोहर्ट्झची आहेत. ४८ वरून १६ वर येणे सोपे असते, कारण दर तीन नमुन्यांतला एक ठेवला की झाले, अर्थात आधी वरच्या कंप्रता गाळून. ४४.१ वरून १६ वर येताना गुणोत्तर ४४१ ला १६० असे पडते आणि त्यासाठी मधले नमुने गणिताने काढणारा खरा पुनर्नमुनाकार लागतो. गाळणी न लावता नुसते नमुने वगळले तर वरच्या कंप्रता खाली दुमडून येतात आणि प्रत्येक 'स'कारामागे एक विचित्र चिवचिव ऐकू येते. हे काम फोनवर न सोपवता आपल्याच ॲपमध्ये केले, म्हणजे दोन्ही फोनांवर फळ सारखे मिळते.

१ डिसेंबर, रविवार

आजचा सगळा वेळ व्यंजनांवर गेला, आणि तो तसा जाणे आवश्यक होते; कारण आवाज पोहोचणे आणि शब्द पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दोन्ही हेडसेट एकाच दर्जाचे नाहीत. फोनमधील ब्लूटूथची नोंदवही काढून पाहिली असता नवा हेडसेट जोडणीच्या वेळी 'एटी+बीएसी' या आज्ञेने आपल्याला दोन कोडेक, म्हणजे आवाज आकुंचित करण्याच्या दोन पद्धती, येतात असे कळवतो. आत्यांचा हेडसेट ही आज्ञा पाठवतच नाही. म्हणजे त्याला फक्त 'सीव्हीएसडी' येते. यात दर सेकंदाला ६४,००० वेळा, आवाजाची रेषा आधीच्या अंदाजापेक्षा वर गेली की खाली, एवढाच एक बिट पाठवला जातो आणि पायरीची उंची परिस्थितीनुसार लहानमोठी होत राहते. मूळ आवाज ८ किलोहर्ट्झ दराचा असल्यामुळे ४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच पलीकडे जात नाही. एचएफपीच्या १.६ या आवृत्तीत, म्हणजे २०११ मध्ये, 'एमएसबीसी' हा १६ किलोहर्ट्झचा कोडेक आला आणि तोच या नव्या हेडसेटमध्ये आहे. त्यात कंप्रतेची मर्यादा दुप्पट होते.

फरक मराठीत कोठे जाणवतो हे पाहण्यासाठी माझ्याच आवाजात शब्दांच्या जोड्या ध्वनिमुद्रित केल्या: साल–शाल, साळ–फाळ, दुनिया या अर्थाचे 'जग' आणि 'तू जग' यातले 'जग', चार आण्यांतला 'चा' आणि चाकातला 'चा'. 'स'च्या घर्षणाचा मोठा भाग ४ किलोहर्ट्झच्या वर असतो, 'श'चा त्यापेक्षा बराच खाली सुरू होतो. त्यामुळे आत्यांच्या हेडसेटवर 'शाल' नीट येते, पण 'साळ' आणि 'फाळ' यांतला भेद जवळजवळ पुसला जातो. चाकातला दंत्य 'च' बोथट होतो. एमएसबीसीवर या सगळ्या जोड्या वेगळ्या ओळखू येतात. सलग निरूपणात संदर्भामुळे कान उरलेले भरून काढतो आणि अडचण फारशी भासत नाही. संस्कृत श्लोक आणि माणसांची किंवा गावांची नावे यांच्या बाबतीत तसे होत नाही. तेथे ऐकणाऱ्याला शब्द आधीपासून ठाऊक असावा लागतो. आत्यांना श्लोक बहुतेक पाठ आहेत, ही या प्रकल्पाची मोठीच सोय.

उपाय म्हणून सीव्हीएसडीसाठी वेगळी ध्वनिमांडणी केली: २५० हर्ट्झच्या खालचे गाळायचे, ३.४ किलोहर्ट्झच्या वरचे गाळायचे आणि २ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्याला थोडा उठाव द्यायचा. गेलेली कंप्रता त्याने परत येत नाही, पण व्यंजनांच्या कडा थोड्या टोकदार होतात. उठाव ४ डेसिबलच्या पुढे नेला की बुवा चिडून बोलत असल्यासारखे वाटतात.

८ डिसेंबर, रविवार

आत्यांच्या फोनमधील प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणे आज तपासली. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग हे दोन भाग या तपासणीला विलक्षण सोयीचे पडले. पूर्वरंगातील निरूपण म्हणजे एका माणसाचे बोलणे आणि मध्ये पेटीचा आधार, तेव्हा ते या वाटेने उत्तम जाते. जेथे झांज आणि टाळ सुरू होतात तेथे मात्र परिस्थिती बिघडते. टाळेच्या आघाताची बरीच शक्ती उच्च कंप्रतांत असते, ती तर गाळली जातेच. शिवाय उरलेला भाग इतक्या वेगाने वरखाली होतो की सीव्हीएसडीच्या पायऱ्या त्याच्यामागे पोहोचू शकत नाहीत आणि पत्रा फाटल्यासारखा आवाज येतो. आघातांची उंची आधीच मर्यादित करणारा लिमिटर लावून हे थोडे सुसह्य झाले. गजर चालू असताना बुवांचा शब्द कळावा, एवढीच अपेक्षा ठेवली आहे. संगीत म्हणून संगीत ऐकण्यासाठी ही वाट नाही आणि त्यासाठी मी यापुढे वेळ घालवणार नाही.

दुसरा प्रश्न डाव्या-उजव्या वाहिन्यांचा होता. दोन वाहिन्यांची बेरीज करून निम्मे करणे ही मोनो करण्याची सरळ रीत. परंतु काही ध्वनिमुद्रणांत सदऱ्याच्या कॉलरला लावायचा माइक फक्त डाव्या वाहिनीला जोडलेला आहे आणि उजवी जवळपास रिकामी आहे. अशा वेळी सरासरी घेतली की आवाज ६ डेसिबलने उतरतो. फोन व्यासपीठापासून दूर ठेवून त्याच्या दोन माइकांवर घेतलेल्या ध्वनिमुद्रणांत याच्या उलट घडते: एकच आवाज दोन्ही माइकांवर किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचलेला असतो आणि बेरजेत काही कंप्रता एकमेकींना मारतात. त्यामुळे ॲप आता प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा सुरुवातीचा भाग तपासते. एक वाहिनी स्पष्टपणे जोरकस असेल तर तीच घेते. दोन्ही सारख्या असून बेरीज केल्यावर आवाज अपेक्षेपेक्षा क्षीण होत असेल तरीही एकच वाहिनी घेते. अन्यथा बेरीज करते. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' हा पर्याय असतोच, पण तो डोळे मिटून मिसळतो.

२१ डिसेंबर, शनिवार

हेडसेटवरच्या एकुलत्या बटणाचा विचार केला. गाणी वाजवणाऱ्या हेडसेटवर 'थांबव' आणि 'चालू कर' या आज्ञांसाठी वेगळे प्रोफाइल असते, ते येथे नाही. एससीओ जोडणी चालू असताना हे बटण दाबले की हेडसेट 'कॉल तोडा' या अर्थाची 'एटी+सीएचयूपी' ही आज्ञा पाठवतो, फोन आपला बनावट कॉल संपवतो आणि ॲपला जोडणी तुटल्याची सूचना मिळते. ही सूचना 'थांबव' म्हणून घेणे सर्वांत सोयीचे आहे: ती मिळताच ॲप जागा लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी त्याच्या दहा सेकंद मागून सुरू करते. निरूपणात दहा सेकंद मागे गेले की वाक्याचा धागा सापडतो.

पुन्हा सुरू करण्यासाठी मात्र बटण वापरायचे नाही, असे ठरवले आहे. कॉल नसताना ते दोनदा दाबले तर या प्रकारचे हेडसेट शेवटच्या क्रमांकाला पुन्हा फोन लावण्याची आज्ञा देतात. दुपारी प्रवचन ऐकताना आत्यांनी बटण दाबले आणि वाणसामानाच्या दुकानात घंटी वाजली, असे व्हायला नको. सुरू करण्यासाठी फोनच्या पडद्यावर मोठे हिरवे बटण ठेवले आहे आणि शेवटच्या क्रमांकाचा धोका आत्यांना समजावून सांगितला आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

खरा फोन आला तर काय, हा भाग दिसतो त्यापेक्षा नाजूक आहे. एससीओ जोडणीवर दूरध्वनीचा पहिला हक्क असतो. कॉल चालू असताना ॲपने जोडणी मागितली तर मागणी दुर्लक्षिली जाते. ॲप वाजवत असताना कॉल आला तर जोडणी ॲपच्या हातून जाते आणि कॉल संपल्यावर आपोआप परत मिळत नाही. यात काही अन्याय नाही, मुळात ती जोडणी संभाषणासाठीच केलेली आहे. पण ॲपच्या दृष्टीने बटण दाबल्यामुळे तुटलेली जोडणी आणि कॉलमुळे गेलेली जोडणी सारखीच दिसते, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. म्हणून तुटल्याची सूचना आली की ॲप आधी फोनची स्थिती विचारते. घंटी वाजत असेल किंवा बोलणे चालू असेल तर ते वाट पाहते, कॉल संपल्यावर क्षणभर थांबून जोडणी पुन्हा मागते आणि मग प्रवचन पुढे नेते. कॉल नसेल तर ते थांबून राहते. क्षणभर थांबणे महत्त्वाचे आहे, कारण कॉलची जोडणी पूर्ण मिटण्याआधी नवी मागणी केली तर जुन्या फोनवर ती वाया जाते.

आवाजाची पातळीही वेगळी असते. हेडसेटकडे पाठवायची पातळी ० ते १५ अशा आकड्यांत जाते आणि ती कॉलच्या आवाजाशी जोडलेली असते. आत्या प्रवचनासाठी आवाज वाढवतात आणि मग माझा फोन त्यांना ओरडल्यासारखा येतो. यावर उपाय म्हणून पातळीला हात न लावता ध्वनिमुद्रणांचाच जोर आधी समान करून घेतला.

५ जानेवारी २०२५, रविवार

सदाशिव पेठेत प्रत्यक्ष वापराची पाहणी केली. जुन्या धाटणीच्या एससीओ जोडणीत हरवलेले पाकीट पुन्हा पाठवले जात नाही, त्यामुळे व्यत्यय आला की आवाज अडखळत नाही, थेट कडकडतो. ब्लूटूथ, वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी हे तिघेही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात. स्वयंपाकघरात भट्टी चालू असताना आणि फोन मधल्या खोलीत असताना निरूपणात सारखी कडकड येत होती. फोन ओट्याच्या वरच्या फळीवर, आत्यांच्या उजव्या हाताला ठेवल्यावर ती बरीच कमी झाली.

बॅटरीचा खर्च अपेक्षेप्रमाणे जास्त आहे. जोडणी दोन्ही दिशांची असल्याने हेडसेटचा माइकही सगळा वेळ चालू राहतो आणि पातेल्यांचा आवाज विनाकारण फोनपर्यंत येत राहतो. ॲप तो वाचत नाही आणि साठवतही नाही. हेडसेटला बोलण्याच्या जितक्या तासांची क्षमता असेल तेवढाच वेळ प्रवचन चालेल, असे गृहीत धरावे. ध्वनिमुद्रण थांबलेले असताना जोडणी उघडी ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ॲप ती लगेच सोडते.

१८ जानेवारी, शनिवार

आत्यांची नवी मागणी अशी की सकाळी आकाशवाणी पुणे केंद्राचे कार्यक्रमही याच हेडसेटवर यावेत. त्या ते दुसऱ्या ॲपमधून ऐकतात. एससीओ जोडणी उघडी असताना काही फोनांत इतर ॲपचा आवाजही तिकडे वळतो आणि काहींत वळत नाही. आत्यांच्या फोनमध्ये वळत नाही. अँड्रॉइड १० पासून दुसऱ्या ॲपचा आवाज पकडण्याची अधिकृत सोय आहे, परंतु तिला वापरणाऱ्याची संमती लागते, आवाज सोडणाऱ्या ॲपनेही मज्जाव केलेला नसावा लागतो, आणि मूळ आवाज स्पीकरमधून येत राहतो तो वेगळाच. एवढी खटपट करून मिळणारी वस्तू रोज सकाळी काही ना काही कारणाने अडेल आणि मला सदाशिव पेठेत जावे लागेल. मागणी नाकारली आहे. रेडिओसाठी ओट्यावर फोनचा स्पीकर पुरेसा आहे, हे आत्यांनीही मान्य केले.

आजच्या आवृत्तीत एकच भर घातली. ॲप सुरू होताच जोडलेल्या हेडसेटला 'मीडिया ऑडिओ' येतो का ते पाहते. येत असेल तर बनावट कॉलच्या वाटेला न जाता नेहमीच्या वाटेने वाजवते आणि फक्त वाहिन्या निवडण्याची व जोर समान करण्याची पायरी कायम ठेवते. येत नसेल तर कोडेक पाहून ८ किंवा १६ किलोहर्ट्झची मांडणी निवडते. हीच आवृत्ती आत्यांच्या फोनवर चढवली आहे, आणि तपकीर गल्लीतून आणलेला हेडसेट चार्ज करून त्यांच्याकडे जोडीला ठेवला आहे.